राफाचे एमटीबी कपडे: रोडवाल्यांना चिखलातलं काय कळतं?

ट्वीडकाठी
नमस्कार मंडळी. मी एडिंबराजवळ राहतो, आजवर फक्त रोड सायकल चालवली. आता एक हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शनवाली माउंटन बाइक) घेतलीये आणि ग्लेनट्रेसच्या जंगलात जायला लागलोय, अर्थात पावसातच, कारण कोरडा दिवस बघून निघायचं ठरवलं तर स्कॉटलंडात सायकल कायमची शेडमधेच राहील.

रोडसाठी माझ्याकडे राफा या सायकलकपड्यांच्या महागड्या ब्रँडच्या बिब शॉर्ट्स (खांद्याला पट्टे असलेली सायकलची चड्डी) आहेत. घेताना हात थरथरला होता पण वर्षानुवर्षं टिकल्यात, अजून पॅड बसलेलं नाही. त्यांनी २०२१ मधे ट्रेलवेअर म्हणून एमटीबीचे, म्हणजे माउंटन बाइकचे कपडे काढले, पँट, शॉर्ट्स, जर्सी, जाकीट सगळं. आता मला ट्रेलपँट हवीये आणि मन तिकडेच धावतंय. पण शंका अशी की ज्यांचं सगळं आयुष्य डांबरी रस्ता, मेरिनो जर्सी, एस्प्रेसो आणि आल्प्सच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंत गेलं त्यांना मुळांवरून घसरणाऱ्या माणसाला काय लागतं हे कळतं का? की रोडचं गिऱ्हाईक आता डोंगराकडे वळतंय तर ते हातचं जायला नको एवढाच हिशोब? आणि दुसरं, घरात ट्रेकिंगची एक चांगली पँट पडून आहे तिच्यात आणि हिच्यात खरंच एवढा फरक असतो का?
वापरलेल्यांनी सांगा. न वापरलेले सांगणारच आहेत, त्यांचंही स्वागत.

चेनतुटका
न वापरलेला हजर आहे. शंभर पौंडाच्या वरची चड्डी, ती पण चिखलात लोळायला? तेवढ्यात माझी पहिली गिअरची सायकल आली होती, वर पंप आणि कुलूप.

मोदक_रायडर
@चेनतुटका, चड्डी नाही पँट आहे ती. चड्डीचे वेगळे पैसे.

ओझार्ककर
लेखकराव, तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर माझ्या गावात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बेंटनव्हिल, अर्कान्साला असतो. हो, वॉलमार्टचं गाव. इथे मराठी माणूस बहुतेक एकाच कारणाने येतो आणि मीही त्याच कारणाने आलो, सायकल वगैरे नंतर लागली.

राफा २००४ ची, लंडनची कंपनी, सायमन मॉट्रमने काढलेली. २०१३ ते २०१६ टीम स्काय या ब्रिटिश रेसिंग टीमचे कपडे त्यांचेच होते त्यामुळे टूर द फ्रान्स बघणाऱ्यांना नाव माहिती असतंच. पण २०१७ मधे ती विकली गेली. घेणारे कोण, तर स्टुअर्ट आणि टॉम वॉल्टन, वॉलमार्टवाल्या सॅम वॉल्टनचे नातू, त्यांच्या आरझेडसी इन्व्हेस्टमेंट्समार्फत. तेव्हा आकडा २० कोटी पौंडांचा छापून आला होता. आता हे दोघे भाऊ स्वतः पक्के माउंटन बायकवाले. इथल्या ट्रेल्सना (जंगलातल्या सायकलवाटांना) वॉल्टन फॅमिली फाउंडेशनचा बक्कळ पैसा लागलाय. स्लॉटर पेन आणि कोलर ही दोन नावं शोधून बघा, ऑफिस सुटल्यावर पाच मिनिटांत माणूस जंगलात. कोलरमधे एक कॉफीची जागा आहे तिथपर्यंत गाडी जातच नाही, चालत जा नाहीतर सायकलवर. क्रिस्टल ब्रिजेस म्हणून मोठं चित्रांचं म्युझियम आहे, त्याच्या अंगणाला लागून ट्रेल जाते. गावाने स्वतःला माउंटन बायकिंगची जगाची राजधानी म्हणून जाहीर केलंय (कोणी विचारलं नव्हतं, पण केलंय).

राफाचं अमेरिकेतलं ऑफिस आधी पोर्टलंडला होतं, ते २०२० मधे इथे हलवायचं ठरलं. आणि पुढच्याच वर्षी ट्रेलवेअर आलं. आता सांगा, योगायोग?

आडवाटे
म्हणजे मालकाला छंद म्हणून कंपनीने पँटी शिवल्या. हे आपल्याकडच्या संस्थानिकांसारखं झालं, महाराजांना शिकारीची आवड तर दरबारातले सगळे बंदूक घेऊन रानात.

ओझार्ककर
@आडवाटे, हसलो पण एवढं साधं नैये. राफा आधीपासूनच रस्ता सोडायला लागली होती. ग्रॅव्हलवाल्यांसाठी (खडीच्या कच्च्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांसाठी), बॅग बांधून लांब जाणाऱ्यांसाठी कपडे होतेच. २०१९ मधे ईएफ या रोड रेसिंग टीमचे कपडे त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांच्या लॅकलन मॉर्टन या रायडरला रोडच्या रेस सोडून भलत्याच ठिकाणी पाठवायला लागले. डर्टी कान्झाची ग्रॅव्हल रेस, इंग्लंड-स्कॉटलंड उभं कापणारी जीबीड्युरो, कोलोराडोतली लेडव्हिल हंड्रेड. लेडव्हिल तर सरळसरळ माउंटन बाइकची, १०० मैल, सुरुवातच ३००० मीटरच्या वर. त्याचे व्हिडिओ लोकांनी टूरपेक्षा आवडीने बघितले. रस्त्यावरचं गिऱ्हाईक कुठे चाललंय हे त्यांना दिसत होतं. मालकाची आवड नसती तर कदाचित ग्रॅव्हलवर थांबले असते, एवढंच माझं म्हणणं.

इचलकरंजीचा_माग
मी सायकल चालवत नाही. गुडघे गेले. पण कापडात आयुष्य गेलंय आणि धाग्यात दुसरा प्रश्न कापडाचा आहे, त्याकडे कुणी बघतच नैये म्हणून घुसतो.

रोडची जर्सी आणि डोंगरातली पँट ही दोन वेगळ्या कामांची कापडं आहेत. रोडवर माणूस वाकून बसतो, तासंतास एकाच जागी बसून पाय फिरवतो आणि वारा हा मोठा शत्रू. म्हणून निटिंगचं कापड, अंगाला चिकटून, फडफडायला नको. त्यात इलास्टेन (लायक्राचा ताणणारा धागा) भरपूर. असं कापड दगडावर घासलं की एक फंदा तुटतो आणि पुढचे उसवत जातात, स्टॉकिंगला शिडी पडते तसं. डोंगरात काय होतं ते तुम्ही लोक सांगा, पण मी व्हिडिओ बघितले त्यात माणूस सीटवर कमी आणि पेडलवर उभा जास्त असतो, वेग कमी त्यामुळे वारा लागत नाही, उकडतं, आणि पडतो. म्हणजे मागावर विणलेलं, वोव्हन कापड पाहिजे, नायलॉन असेल तर उत्तम कारण घासायला नायलॉन पॉलिस्टरपेक्षा चिवट. ताणासाठी थोडंच इलास्टेन. जाडी ठरवताना मात्र कसोटी लागते. जाड केलं की टिकतं पण घामाने शिजता, पातळ केलं की पहिल्या काट्याला खलास. म्हणून हुशार लोक सगळी पँट एका कापडाची करत नाहीत. बुडाला आणि गुडघ्याला दणकट, मांडीच्या मागे आणि कमरेला हलकं जाळीदार.

रोडवाल्या कंपनीला हे येणार नाही असं नाही. कापड बनवणाऱ्या गिरण्या सगळ्यांना त्याच असतात. अडतं ते कटिंगमधे. नकाशा कुठल्या शरीरावर आणि कुठल्या बैठकीत काढला त्यावर सगळं.

मोदक_रायडर
काकांनी सायकल न चालवता धागा जिंकला. __/\__

तामलपाईस
काकांच्या शेवटच्या वाक्याला टाळ्या, कारण माझा अनुभव तिथलाच आहे. मी बे एरियात असते, मरिनमधे चालवते. म्हणजे जिथे हे सगळं सुरू झालं तिथे. सत्तरच्या दशकात इथल्या माउंट टॅम डोंगरावरून जुन्या जाडजूड सायकली उतरवणारे लोक जीन्स, जाड शर्ट आणि कामगारांचे बूट घालून उतरायचे. १९७६ मधे रीपॅक नावाची उतारावरची पहिली शर्यत झाली तेव्हा एमटीबी कपडे नावाची भानगडच नव्हती. त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना कुठल्याही ब्रँडचं फार कौतुक नाही.

ट्रेलवेअर मी वापरलंय, शॉर्ट्स आणि पँट दोन्ही. कट खरंच डोंगराचा आहे, रोडची चड्डी ढगळ केल्यासारखी नाही. कंबर मागून वर उचललेली त्यामुळे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, आणि गुडघ्याला आधीच वाक दिलेला असतो. पण लेखक, तुम्ही एक विचारलंच नाही आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. नीपॅड. आत नीपॅड बसतं का, आणि पेडल मारताना कापड पॅडवर अडकून वर सरकतं का. दुकानात पँट घालून आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. स्वतःचे पॅड घेऊन जा, घाला, खुर्चीवर पाय ठेवून गुडघा छातीपर्यंत आणा. लोक बघतील. बघू देत.

माझी तक्रार एकच. मी बारीक बांध्याची नाही आणि राफाचा कट मला एमटीबीमधेही थोडा सडपातळ माणसाला धरूनच वाटतो. मांडीला बसली तर कंबर सैल, कंबरेला बसली तर मांडीला आवळ. हे माझ्या अंगापुरतं.

चेनतुटका
जीन्स घालून सुरू झालेला खेळ आणि आपण इथे इलास्टेनचे टक्के मोजतोय.

तामलपाईस
@चेनतुटका, ओली जीन्स घालून चार तास पेडल मारून बघा, मग बोलू. आणि कुठे सोलवटलं ते सांगू नका.

घसारा
मला एक कळत नाही की एमटीबी म्हणलं की ढगळ कपडेच का. क्रॉसकंट्री रेसवाले तर लायक्रातच असतात. अटलांटा १९९६ ला एमटीबी ऑलिंपिकमधे आली तेव्हापासून बघा, सगळे चिकटलेले. म्हणजे रोडच्या कंपनीला एमटीबीत यायला नवीन काही शिवायची गरजच नव्हती, त्याच जर्सीवर झाडाचं चित्र काढायचं.

ओझार्ककर
रेसवाले हो. पण रेसवाले किती असतात? ट्रेलवर शनिवार-रविवारी येणारं पब्लिक ढगळच घालतं. ते मोटोक्रॉसकडून आलंय. फॉक्स वगैरे मूळ मोटरसायकलवाले, तिथून डाउनहिलमधे (फक्त उतारावरच्या शर्यतीत) आले. डाउनहिलमधे तर यूसीआयचा (सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा) नियमच आहे की चिकट लायक्रा चालणार नाही.

घसारा
नियम? वाऱ्याचा फायदा मिळतो म्हणून?

ओझार्ककर
फायदा तर मिळतोच, सेकंदाच्या भागांवर निकाल लागतो तिथे. मधे काही जण स्किनसूट घालून उतरायला लागले होते, आणि बाकीच्यांना ते बघवेना. माझ्या मते सुरक्षेपेक्षा तो दिसण्याचाच प्रश्न होता. डाउनहिलवाल्यांना रोडवाल्यासारखं दिसायचं नव्हतं, विषय संपला. म्हणून मला राफाची खरी अडचण कापडात वाटतच नाही. ज्या जमातीने स्वतःची ओळखच 'आम्ही ते लायक्रावाले नाही' अशी केली त्यांना लायक्रावाल्यांच्या सर्वात मिरवणाऱ्या ब्रँडचं नाव मांडीवर घेऊन फिरायला सांगताय.

आडवाटे
+१००. इंग्लंडातल्या ट्रेलवर राफा म्हणलं की लोक डोळे फिरवतात, दंतवैद्यांचा, म्हणजे पैसेवाल्यांचा ब्रँड म्हणतात.

डॉ_मोलर
मी दंतवैद्य आहे. माझ्याकडे एकही राफा नाही. आमच्याबद्दल काय काय समज आहेत लोकांचे.

मोदक_रायडर
@डॉ_मोलर 😂😂 क्लिनिक कुठे आहे, अक्कलदाढ दुखतीये

वेताळ_टेकडी
तुम्ही लोक बेंटनव्हिल न् मरिन करताय, इकडची पण गंमत ऐका. पुण्यात वेताळ टेकडीवर एमटीबी घेऊन गेलो की पहिला अडथळा मुळांचा नसतो, सकाळी चालायला आलेल्या आजोबांचा असतो. "ही काय सायकल चालवायची जागा आहे का?" आजोबा, मग कुठं चालवू, पौड रोडवर? त्यांचंही बरोबर आहे, पाऊलवाट आधी त्यांची. मी उतरून वाट देतो, रामराम करतो, आता दोघं-तिघं ओळखीचे झालेत. एकाने तर सायकल हातात घेऊन बघितली न् "आमच्या वेळी बिनगिअरची" सुरू झालं, अर्धा तास गेला. पुणं सायकलींचं शहर होतं ते सगळं ऐकून झालं.

कपड्यांचं म्हणाल तर सह्याद्रीत पावसाळ्यात चिखल आणि बाकी वर्षभर मुरूम. मुरूमावर पडलं की कुठलीही कंपनी असो, कापड आणि कातडी एकदमच जाते. वर करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी. इथे कुणी शंभर पौंडांची पँट घातली तर तो सायकल कमी चालवेल आणि काटे जास्त सांभाळेल. डिकॅथलॉनची पँट, आत साधी पॅडवाली चड्डी, बास.

इचलकरंजीचा_माग
@वेताळ_टेकडी, त्या पँटच्या गुडघ्यावर आणि बुडाला आधीच ठिगळ लावून घ्या. फाटायची वाट बघू नका. बॅग शिवणाऱ्याकडे पाठपिशवीचं नायलॉन असतं, त्याच्याकडून हातभर तुकडा घ्या. फक्त शिवण बुडाच्या मधोमध येऊ देऊ नका, बाजूला सरकवा, नाहीतर सीटवर टोचेल. आणि दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, घामाने कुजतो.

वेताळ_टेकडी
काका हे भारीए, उद्याच जातो. आमच्या गल्लीत आहे बॅगवाला, शाळा सुरू व्हायच्या आधी गाठायला हवा.

ट्वीडकाठी
धागा माझ्या हातातून पुण्यात गेला पण मजा येतीये, चालू द्या.
दरम्यान मी थोडं इकडे विचारलं. माझ्या क्लबातला एक स्कॉटिश म्हातारा म्हणाला की तू एडिंबराजवळ राहून राफा कशाला शोधतोस, एंड्युरा इथलीच, लिव्हिंगस्टनची. १९९३ पासून याच पावसासाठी शिवतायत. मला माहितीच नव्हतं की ती स्कॉटिश आहे, मी तिला मूव्हीस्टार या रोड टीमच्या जर्सीवरून ओळखत होतो.

ओझार्ककर
ही बघा मजा. एंड्युराची सिंगलट्रॅक शॉर्ट्स निम्म्या ब्रिटनच्या चिखलात लोळलीये, आणि तीच कंपनी टूरमधल्या टीमला पण कपडे देऊन बसली. म्हणजे डोंगरवाल्याने रस्त्यावर आलेलं चालतं, कुणी भुवई उंचावत नाही. रस्तावाला डोंगरात आला की धागा निघतो. स्विस असोस सुद्धा ट्रेलचे कपडे काढतेच की, आणि ते तर लायक्रा चड्डीच्या घराण्यातले.

घसारा
कारण डोंगरवाला रस्त्यावर आला तर स्वस्तात येतो. राफा डोंगरात आली ती रस्त्यावरच्या किमती घेऊन. पडायच्या खेळात महाग कपडे ही मूळ विसंगती आहे आणि त्याला कट, गिरणी, इतिहास कशाचंही उत्तर नाही.

तामलपाईस
उत्तर आहे थोडंसं. राफा पडून फाटलेले कपडे फुकट दुरुस्त करून देते, रोडचं जुनं धोरण आहे ते. ठिगळ दिसतं, पण नीट लावलेलं असतं. रोडवर माणूस वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी पडतो त्यामुळे कंपनीला परवडत असेल. एमटीबीवाल्यांना तेच वचन देणं म्हणजे धाडस आहे, आम्ही तर दर महिन्याला काहीतरी फाडून आणतो. मला त्यांच्या सगळ्या एमटीबी प्रकरणात हीच गोष्ट पटली. मरिनोच्या कविता आणि धुक्यातले फोटो बाजूला ठेवा.

उलट दुसऱ्या एका कंपनीची (नाव नको) पँट घेतली होती, नवीन असताना मांडीच्या खिशाची चेन गेली, तर उत्तर आलं की वापरामुळे झालंय. हो, पँट वापरलीच होती मी.

आडवाटे
*मेरिनो. मरिन आणि मेरिनो एक झालं तुमचं :दिवा:
आणि फुकट दुरुस्ती वगैरे ठीक पण ती कंपनी विकली गेल्यापासून वर्षामागून वर्ष तोटा दाखवतीये. मॉट्रमही २०२१ च्या शेवटी सीईओपदावरून गेले. तोट्यातली कंपनी पहिल्यांदा काय कापते? जे नवीन आहे आणि कमी खपतं ते. उद्या एमटीबीची लाइन आटली तर तुमचं ठिगळ कुठून यायचं?

ओझार्ककर
तोटा आहे हे खरं. पण मालकांकडे दम धरायला पैसा आहे, आणि ते स्वतः ट्रेलवर दिसतात. याउलट तीच काळजीही आहे. ज्या वस्तूमागे मालकाची आवड असते ती मालकाचा मूड असेपर्यंतच असते. गिऱ्हाइकांनी मागून घेतलेली वस्तू असती तर मला जास्त खात्री वाटली असती.

चेनतुटका
थोडक्यात वॉलमार्टमधे स्वस्त घेऊन साठवलेला पैसा राफामधे महाग घेऊन संपतो. चक्र पूर्ण.

मोदक_रायडर
@चेनतुटका हा प्रतिसाद फ्रेम करून लावणार

इचलकरंजीचा_माग
ट्वीडकाठी, तुमच्या ट्रेकिंग पँटचं राहिलंच. घरी आहे ना ती? मग उलटी करून बघा. दोन मांड्यांच्या मधे चारही शिवणी एका बिंदूत येतात की तिथे चौकोनी किंवा पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलाय. चार शिवणी एकत्र येत असतील तर सायकलला घालू नका, ती गाठ बरोब्बर सीटवर येते, आत पॅडची चड्डी असली तरी. तुकडा असेल तर खुशाल घाला. बघायची दुसरी जागा म्हणजे पोटरी. रुंद असेल तर चेनमधे जाते.

ट्वीडकाठी
काका, उलटी केली. चार शिवणी. पोटरी पण रुंद. संपला तो विषय.

तर सध्या असं करतोय. तामलपाईस यांचं ऐकून आधी नीपॅड घेतले. काल ते घालून दुकानात गेलो आणि खुर्चीवर पाय ठेवून गुडघा छातीला लावला, दुकानदाराने अजिबात आश्चर्य दाखवलं नाही, म्हणजे इकडे सगळेच करत असावेत. एंड्युराची घेतली. राफापेक्षा पोटरीला जास्त आवळ आणि कापड जाड आहे, काकांच्या भाषेत घामाने शिजायला होईल, पण स्कॉटलंडमधे शिजणं ही माझी अडचण नाही. राफाची पँट हातात घेऊन बघितली, घालून बघितली, कापड खरंच सुरेख आहे. कोरड्या दिवसासाठी आहे ती. असा दिवस आला की घेईन.

घसारा
शेवटी महागडी घेतलीच नाही. धागा कशाला काढला मग :फिदीफिदी:

वेताळ_टेकडी
ठिगळ लावून झालं. बॅगवाल्याकडे निळा रंगच होता, बुडाला निळा चौकोन घेऊन फिरतोय. टेकडीवरच्या आजोबांनी लगेच विचारलं, "कुठल्या कंपनीची?"

तामलपाईस
@ट्वीडकाठी, अभिनंदन. एक राहिलं, चिखलाची पँट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका, पाणी ओघळून जायचं कोटिंग मरतं. आधी होजने चिखल पाडा, साध्या द्रव साबणात धुवा, आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमधे मंद उष्णतेवर थोडा वेळ फिरवा, कोटिंग पुन्हा जागं होतं. तरीही पाणी थेंब न होता मुरायला लागलं तर कोटिंगचा स्प्रे मिळतो तो मारा. आणि वेल्क्रो लावूनच मशीनमधे टाका, नाहीतर तुमच्या त्या लाडक्या बिब शॉर्ट्सचे धागे ओढले जातील.